धंदेवाला माणूस थेट राजदूत कसा होतो? (सासरे विरुद्ध मी)

सुमेधा_रा

घरात दोन दिवस वाद पेटलाय, म्हणून इथे विचारते.

परवा जेवताना बातम्या लागल्या होत्या. अमेरिकेनं कुठल्याशा देशात नवा राजदूत नेमला होता. माणूस जन्मानं अमेरिकन नाही, तरुणपणी तिथे गेलेला, धंद्यात बक्कळ पैसा केलेला. परराष्ट्र खात्यात एक दिवस नोकरी केलेली नाही आणि थेट राजदूत. आमचे नाना (सासरे, पस्तीस वर्षं सरकारी नोकरी) ताटावरची नजर न उचलता म्हणाले, "पद विकत घेतलंय. दुसरं काय असणार?" मी म्हटलं, असं कसं, कुणीतरी तपासत असेल ना. त्यावर नाना म्हणाले, "तपासणाऱ्यालाही जेवायला बोलावलं असेल."

खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटतंय. आपल्याकडे पोरं यूपीएससीसाठी वर्षानुवर्षं घासतात, त्यातली मूठभर परराष्ट्र सेवेत जातात आणि केस पांढरे झाल्यावर राजदूत होतात. पण नानांपुढे आता माघार घेता येत नाही.

तर दोन गोष्टी हव्यात. हे चालतं कसं, नियम काय, ते सांगा. आणि अशा एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य सांगा. नुसतं कौतुक नको, डागही हवेत. विश्वकोशातला उतारा चिकटवू नका, तो मलाही सापडतो.

टिपणबहाद्दर

नियमांपुरतं मी सांगतो, माणसाचं दुसरं कुणी सांगेल.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राजदूत नेमायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा, पण सेनेटची संमती लागते. नाव आधी सेनेटच्या परराष्ट्र समितीपुढे जातं, तिथे उलटतपासणी होते, मग सभागृहात मतदान. त्याशिवाय ज्या देशात पाठवायचं त्याचाही होकार आधी घ्यावा लागतो. हे १९६१च्या व्हिएन्ना करारात आहे, आणि नकार दिला तर कारण सांगायचं बंधन त्या देशावर नाही. जन्मानं नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षाला, राजदूताला नाही. नागरिकत्व घेतलेलं असलं की झालं.

आता नानांचा मुद्दा. तिथे गेली कित्येक दशकं साधारण दहातले सात राजदूत खात्यातून वर आलेले असतात आणि तीन बाहेरचे. बाहेरच्यांत निवडणुकीला पैसे देणारे आणि गोळा करणारे बरेच. १९८०च्या परराष्ट्र सेवा कायद्यात चक्क लिहून ठेवलंय की निवडणुकीतली देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये, आणि उमेदवारानं आपल्या व घरच्यांच्या चार वर्षांच्या देणग्या जाहीर कराव्यात. कायद्यात असं लिहावं लागलं, यातच काय ते समजा. त्याआधी निक्सनसाठी निधी गोळा करणारे हर्बर्ट काल्मबाख यांनी १ लाख डॉलरच्या देणगीच्या बदल्यात चांगल्या देशातलं राजदूतपद देऊ केल्याचं कोर्टात कबूल केलं होतं आणि तुरुंगात गेले होते.

आणि आपण फार हुरळून जायचं कारण नाही. नानी पालखीवाला १९७७ साली अमेरिकेत आपले राजदूत होऊन गेले, ते कुठे परराष्ट्र सेवेतले होते? वकील होते, आणि जोडीला टाटांच्या कंपन्यांचा कारभार. त्यांच्या नावानं कुणी बोटं मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जुना_रोखेवाला

सुमेधाताई, तुम्हाला हवा तसा एक माणूस माझ्याकडे आहे. फेलिक्स रोहॅटिन. जन्म १९२८, व्हिएन्ना. मृत्यू डिसेंबर २०१९, न्यूयॉर्क. १९९७ ते २००० अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत.

मी उभी हयात बँकेच्या ट्रेझरीत काढली, रोखे (म्हणजे सरकारनं किंवा कंपनीनं काढलेल्या कर्जाचे कागद) घेणं आणि विकणं. त्यामुळे हे नाव माझ्यापर्यंत राजदूत म्हणून आलंच नाही. माझ्या पहिल्या साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली न्यूयॉर्कच्या डेली न्यूजच्या एका पानाची झेरॉक्स होती, तारीख ३० ऑक्टोबर १९७५. मथळ्याचा अर्थ साधारण असा: फोर्ड (तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) शहराला म्हणतात, मरा तिकडे. नवीन पोरगा आला की साहेब त्या पानावर पेन्सिल आपटून विचारायचे, "शहर बुडू शकतं का रे?" उत्तर आलं नाही की मग फेलिक्स रोहॅटिनचं पुराण सुरू. ते मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात कुठून करू कळत नाही.

टूथपेस्टपासून करतो.

घर ज्यू, खाऊन-पिऊन चांगलं सुखी. हिटलरचं सावट वाढू लागलं तशी ही मंडळी व्हिएन्ना सोडून फ्रान्सला आली. आईनं दुसरं लग्न केलेलं होतं. जून १९४० मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले तेव्हा फेलिक्स बारा वर्षांचा. गाडीच्या टपावर गाद्या बांधून घरची मंडळी दक्षिणेकडे निघाली. वाटेत जर्मन चौकी. रोहॅटिन पुढे सांगत, की कागद तपासणारा शिपाई नेमका सिगरेट पेटवत होता, त्यानं हातानंच "जा पुढे" केलं. मागच्या गाडीचं काय झालं असेल देव जाणे.

देश सोडायच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून पोरानं काय केलं, तर सोन्याची नाणी टूथपेस्टच्या ट्यूबांमध्ये भरली. सगळ्या श्रीमंतीतून एवढंच बाहेर निघालं. पुढे ते म्हणायचे, की तेव्हापासून मला वाटतं, माणूस डोक्यात घेऊन फिरतो तेवढीच संपत्ती टिकाऊ.

ही गोष्ट ऐकल्यावर मला राहवेना. आमच्याकडे एक मलम धातूच्या ट्यूबमधून यायचं. तिची मागची घडी नखानं उलगडली, तोंड थोडं फाकवलं आणि एक नाणं आत सारलं. जातं. पण मलम बाहेर येतं, बोटं बरबटतात, आणि घडी परत घातली तरी पहिल्यासारखी सरळ बसत नाही, दुमडल्याच्या खुणा राहतात. चार-पाच नाणी भरली की ट्यूब हातात घेताच जड लागते. म्हणजे सीमेवरच्या माणसानं ती नुसती उचलून पाहिली असती तरी संपलं होतं. एक मात्र आहे. लगद्यात रुतलेलं नाणं वाजत नाही.

नाण्यांनी पोट भरलं असेल, पण सीमा ओलांडता आली ती शिक्क्यामुळे. तो शिक्का ब्राझीलचा. फ्रान्समधले ब्राझीलचे राजदूत लुईस मार्टिन्स द सोझा दांतास यांनी आपल्या सरकारचा हुकूम डावलून ज्यूंना आणि इतर जीव वाचवू पाहणाऱ्यांना शेकड्यांनी व्हिसा दिले, त्यांत हे कुटुंब होतं. मग कासाब्लांका, लिस्बन, रिओ द जानेरो असा वळसा घेत १९४२ मध्ये न्यूयॉर्क.

पुढचा भाग भराभर सांगतो. मिडलबरी कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी, १९४९. लझार्ड नावाच्या पेढीत उन्हाळ्यापुरतं काम, तिथेच चिकटले. ही पेढी म्हणजे मुळात फ्रान्समधून आलेल्या भावांनी १८४८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला काढलेलं कापडाचं दुकान! न्यूयॉर्कच्या शाखेचे मालक म्हणता येतील असे आंद्रे मेयर, तेही १९४० मध्ये फ्रान्समधून पळून आलेले. निर्वासितानं निर्वासिताला हाताशी धरलं. काम काय, तर कंपन्यांची सोयरीक जुळवणं. ही कंपनी ती विकत घेणार, दर काय, रोकड किती, शेअर किती, आणि दोन्हीकडच्या अध्यक्षांचे अहंकार कसे सांभाळायचे.

डाग मागितलात, तो इथे आहे. आयटीटी ही अवाढव्य कंपनी दिसेल ती कंपनी गिळत होती. रोहॅटिन तिच्या संचालक मंडळावर आणि तिचे सल्लागारही. तिनं हार्टफर्ड ही विमा कंपनी घेतली तेव्हा सरकारनं मक्तेदारीविरोधी खटला घातला. रोहॅटिन न्याय खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याला जाऊन भेटले, तडजोड झाली, आणि १९७२ मध्ये सेनेटच्या समितीपुढे त्या भेटींची जाहीर चिरफाड झाली. तेव्हापासून त्यांना "फेलिक्स द फिक्सर", म्हणजे आतून कामं जमवून देणारा, हे नाव चिकटलं. त्यांच्यावर कुठला गुन्हा शाबीत झाला नाही, पण नाव राहिलं ते राहिलंच.

तीन वर्षांनी न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली. पगार आणि रोजचा खर्च भागवायला शहर अल्प मुदतीची कर्जं काढत होतं, ती फेडायला आणखी कर्जं. १९७५च्या वसंतात बँकांनी हात आखडला. राज्याचे गव्हर्नर ह्यू केरी यांनी रोहॅटिनना बोलावलं आणि जूनमध्ये "म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन" उभी राहिली. बाजारात तिला "बिग मॅक" म्हणत.

युक्ती काय होती? आमचे साहेब सांगायचे तसं सांगतो. गडी दारुडा आहे, त्याला उधार कुणी देत नाही. मग मालक त्याचा पगार त्याच्या हातात न देता थेट बायकोच्या हातात देतो. बायको आधी वाण्याची उधारी चुकवते आणि उरलेले नवऱ्याला देते. आता वाणी उधार द्यायला तयार होतो, कारण उधार बायकोच्या नावावर असतं. इथे गडी म्हणजे न्यूयॉर्क शहर, पगार म्हणजे शहराचा विक्रीकर आणि शेअरच्या व्यवहारांवरचा कर, मालक म्हणजे राज्य सरकार, आणि बायको म्हणजे बिग मॅक. शहराचे रोखे कुणी हातात घेत नव्हतं, बिग मॅकचे निदान विचारात तरी घेऊ लागले.

पण तेही पुरलं नाही. १७ ऑक्टोबरला शहराला ४५ कोटी ३० लाख डॉलर चुकते करायचे होते आणि हाताशी होते ३ कोटी ४० लाख. शिक्षक संघटनेनं आपल्या पेन्शन फंडातून बिग मॅकचे १५ कोटींचे रोखे घ्यायचे, असं ठरत आलं होतं, पण नेते अल्बर्ट शँकर अडून बसले. दिवाळखोरीचे कागद तयार ठेवलेले. दुपारी शँकरनी होकार दिला आणि शहर काही तासांनी वाचलं. साहेबांच्या टेबलावरचं पान त्यानंतर तेरा दिवसांनी छापलं गेलं. फोर्ड यांनी ते शब्द उच्चारलेच नव्हते, पण केंद्र सरकार मदत करणार नाही असं ठणकावलं होतं. डिसेंबरमध्ये त्यांनीच वर्षाला २३० कोटी डॉलरपर्यंत हंगामी कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली.

रोहॅटिन १९९३ पर्यंत बिग मॅकचे अध्यक्ष होते. राजदूतपदाचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

हडसनकाठचा_आजोबा

जुना_रोखेवाला, छान लिहिलंत, पण तुमचे साहेब काचेखालून बघत होते. मी तेव्हा तिथे राहत होतो.

मी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आलो. एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये ड्राफ्ट्समन, क्वीन्समध्ये तिघांत एक खोली. १९७५च्या जुलैत शहरानं एका दिवसात पाच हजार पोलिसांना घरी बसवलं. सफाई कामगारांना काढल्यावर बाकीच्यांनी काम बंद केलं. आमच्या दारासमोर काळ्या पिशव्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता. जुलैचं ऊन, वर माश्या. आम्ही तिघं रुमाल नाकाला लावून, उडी मारून रस्त्यावर यायचो. पोलीस संघटनांनी तर कवटीचं चित्र असलेली पत्रकं छापली होती, "भीतीच्या शहरात स्वागत असो" अशा अर्थाची.

१ सप्टेंबरला सबवेचं तिकीट ३५ सेंटवरून ५० सेंट. तुम्हाला पंधरा सेंट किरकोळ वाटतील. जाऊन-येऊन रोजचे तीस. मी आठवड्यातून दोनदा येताना चालत येऊ लागलो. आणि ज्याचं मला आजही वाईट वाटतं ते म्हणजे सिटी कॉलेज. १८४७ पासून शहराचं हे कॉलेज गावच्या पोरांना फुकट होतं. दोन महायुद्धं गेली, तीसची मंदी गेली, फी लागली नाही. १९७६ मध्ये लागली. आमच्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी त्याच वर्षी जाणार होती. ती डिपार्टमेंट स्टोअरच्या काउंटरवर गेली.

रोखेवाल्यांचे पैसे मिळाले, एकूण एक. हे सगळं ज्यांनी ठरवलं त्यांतल्या बऱ्याच जणांना कुणी मत दिलेलं नव्हतं. रोहॅटिन स्वतः पगार न घेता हे काम करत आणि शहर दिवाळ्यात गेलं असतं तर आमचे हाल आणखी झाले असते, हे मी मानतो. पण दारुड्याच्या गोष्टीत पोरंही असतात हो. बायकोनं वाण्याची उधारी आधी चुकवली, त्या महिन्यात पोरांच्या ताटात काय पडलं, तेही सांगत जा.

सुमेधा_रा

आजोबा, हे नानांना वाचून दाखवलं. ते एकदम तुमच्या बाजूनं झाले. रोखेवाले काका, तुमचे डोळे बरे वाटले की पुढचं लिहा. पॅरिस राहिलंय.

जुना_रोखेवाला

आजोबा, कबूल. साहेबांच्या गोष्टीत पोरं नव्हती. मी पुढच्या वेळी घालीन.

रोहॅटिनना खरं तर अर्थमंत्री व्हायचं होतं, असं सगळेच म्हणत. ते जमलं नाही. १९९६च्या सुरुवातीला क्लिंटन यांनी त्यांना मध्यवर्ती बँकेचं, म्हणजे फेडरल रिझर्व्हचं, उपाध्यक्षपद द्यायचं मनात आणलं. सेनेटमधल्या रिपब्लिकनांनी खो घातला आणि रोहॅटिननी स्वतःच नाव मागे घेतलं. म्हणजे राजदूतपद हे पहिल्या पसंतीचं नव्हे. नानांनी हेही लक्षात घ्यावं, की माणूस डेमोक्रॅटिक पक्षाचा जुना पाठीराखा. देणं-घेणं अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

१९९७च्या फेब्रुवारीत पॅरिसमधल्या राजदूत पामेला हॅरिमन पदावर असतानाच वारल्या. (त्याही जन्मानं इंग्लिश, १९७१ मध्ये अमेरिकन झालेल्या. धंदा नव्हे, राजकारण आणि पक्षासाठी पैसे उभारणं हे त्यांचं क्षेत्र. नानांच्या यादीत त्यांचं नाव वरच लागेल.) त्यांच्या जागी रोहॅटिन गेले.

आता जरा ते घर डोळ्यांपुढे आणा. पॅरिसमधल्या अमेरिकन राजदूताचं निवासस्थान म्हणजे फोबूर सेंत ओनोरे रस्त्यावरचा पोंताल्बा वाडा, फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादापासून चार पावलांवर. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हा हा वाडा जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा क्लब होता. ज्या शहरातून बारा वर्षांचं पोर गादी बांधलेल्या गाडीतून पळालं, त्याच शहरात सत्तावन्न वर्षांनी ते या वाड्याचं यजमान होऊन आलं. मला रोहॅटिनच्या कोट्यवधींच्या सौद्यांपेक्षा हे जास्त विलक्षण वाटतं. साहेबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. ते बिग मॅकपाशीच थांबायचे.

काम काय केलं? मला आवडलेली एक गोष्ट अगदी दुकानदारी डोक्याची आहे. परराष्ट्र खात्याकडे तेव्हा पैशांची ओढाताण होती. एकेका शहरात अख्खी वकिलात थाटायची तर इमारत, पहारा, डझनावारी माणसं. रोहॅटिन म्हणाले, एक अमेरिकन अधिकारी आणि सोबतीला दोन-चार स्थानिक माणसं एवढंच ठेवू. व्हिसाचं दुकान मांडायचं नाही, उद्योजक, महापौर, विद्यापीठं यांच्याशी संबंध ठेवायचे. लिऑं, तुलूझ, रेन, लिल, बोर्दो अशा शहरांत ही चिमुकली कार्यालयं सुरू झाली. तुलूझमध्ये एअरबस आहे हे ध्यानात घेतलं तर तिथे माणूस बसवण्यात काय शहाणपण होतं ते कळेल. फ्रान्स म्हणजे पॅरिस ही समजूत अमेरिकनांत भारी. पत्नी एलिझाबेथ यांनीही त्याच दिशेनं दोन्ही देशांतल्या राजधानीबाहेरच्या संग्रहालयांची जोडणी उभी केली, १९९९ मध्ये.

आणि त्याच वर्षी चीजची भानगड! हार्मोन दिलेल्या गुरांचं अमेरिकन मांस युरोप घेईना, म्हणून अमेरिकेनं रॉकफोर चीजवर शंभर टक्के आयातकर लावला. रॉकफोर मेंढीच्या दुधाचं, आत निळ्या-हिरव्या बुरशीच्या रेघा, आणि तिकडच्या शेतकऱ्यांचा जीव की प्राण. ऑगस्टमध्ये जोझे बोव्हे नावाचा मेंढपाळ शेतकरी नेता मंडळी घेऊन मियो गावात गेला आणि बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड्स दिवसाढवळ्या उचकटून टाकलं. फ्रान्समध्ये तो रातोरात हिरो. अशा वेळी राजदूतानं काय करायचं? कर त्यानं लावलेला नसतो, हटवायचा अधिकारही त्याचा नसतो, पण शिव्या खायला समोर तोच असतो. इथे भाषा कामाला येते. रोहॅटिनचं बालपण फ्रेंच शाळेत गेलेलं, दुभाषा लागत नव्हता. समोरचा रागावून बोलतोय तेव्हा दुभाष्यानं राग गाळून अर्थ सांगणं आणि तो राग आपल्या कानांनी ऐकणं यात किती फरक पडतो, ते वाटाघाटी केलेल्या माणसाला विचारा.

म्हणून मला वाटतं, त्यांनी पेशा बदललाच नाही. कंपन्यांची सोयरीक, शँकरची मनधरणी, चीजवाल्यांची समजूत, सगळीकडे काम एकच. ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही त्यांना टेबलावर बसवायचं आणि कुणीही उठून जाण्याआधी आकडा कागदावर आणायचा.

पाचूबेटावरून

रोखेवाल्यांच्या गोष्टीत पॅरिस आहे, वाडा आहे. अशा नेमणुका नेहमी मखमलीवरच होतात असं वाटू नये म्हणून एक जोडतो.

उस्मान सिद्दिकी. जन्म ढाक्याचा, शिकायला अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून एमबीए, मग वॉशिंग्टन परिसरात ट्रॅव्हल एजन्सी काढून मोठी केली. १९९९ मध्ये क्लिंटन यांनी फिजीत राजदूत म्हणून पाठवलं, जोडीला नाउरू, टोंगा आणि तुवालू. अमेरिकेचे पहिले मुस्लिम राजदूत तेच. तिकिटं विकणाऱ्याला प्रशांत महासागरातली बेटं, म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखीच नेमणूक. आणि १९ मे २०००ला जॉर्ज स्पाइट बंदूकधारी घेऊन फिजीच्या संसदेत घुसला. पंतप्रधान महेंद्र चौधरी, उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या आपल्या गिरमिटियांच्या वंशातले, त्या पदावरचे पहिले. त्यांना आणि खासदारांना ओलीस धरलं. चौधरींची सुटका छप्पन्न दिवसांनी झाली. निवांत बदली समजून गेलेल्या राजदूताच्या दारात बंड.

विनय तुम्मलपल्लींचंही नाव घ्या. जन्म हैदराबादचा, कोलोरॅडोत सीडी-डीव्हीडी बनवायचा उद्योग, ओबामांचे कॉलेजच्या दिवसांतले खोलीसोबती, २००९ मध्ये बेलीझला राजदूत. इथे नानांना बोलायला भरपूर जागा आहे, मी मधे पडत नाही.

सुमेधा_रा

सगळ्यांचे आभार. काल जेवणानंतर अख्खा धागा नानांना वाचून दाखवला. बिग मॅकपाशी त्यांनी दोनदा थांबवून दारुड्याची गोष्ट परत वाचायला लावली. चीजला हसले. वाड्याबद्दल काही बोलले नाहीत. मग मोरीत गेले आणि टूथपेस्टची ट्यूब मागून उलगडायचा प्रयत्न करून आले. हल्लीची प्लास्टिकची, मागून चिकटवलेली, उलगडत नाही असं सांगितलं.

पद विकत घेतलं की नाही, यावर अजून त्यांचं मत "अर्धं" एवढंच आहे. पण त्यांनी एक प्रश्न दिलाय, तसाच उतरवते. "सरकारचा हुकूम मोडून व्हिसा देणाऱ्या त्या ब्राझीलवाल्याचं पुढे काय झालं? खात्यानं सोडलं का त्याला?"

जुना_रोखेवाला

सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचा प्रश्न! नाही सोडलं. सरकारनं त्यांच्यामागे रीतसर चौकशी लावली. पण सोझा दांतास यांचं निवृत्तीचं वय तोवर उलटून गेलेलं होतं, त्यामुळे शिक्षा टळली. त्यानंतर जर्मनांनी त्यांना काही काळ नजरकैदेत ठेवलं. १९५४ मध्ये पॅरिसमध्येच वारले. इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेनं त्यांचा सन्मान केला २००३ मध्ये, म्हणजे मरणानंतर एकोणपन्नास वर्षांनी. त्यांनी ज्या पोराच्या कागदावर शिक्का मारला ते तोवर त्याच शहरातलं राजदूतपद भूषवून परतही गेलं होतं.

सुमेधा_रा

सांगितलं. नाना थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पेन्शन वाचली म्हणायची." आणि झोपायला गेले.